सासरा-जावई एका दोरीवर

सांडशीने आयुष्यात चार माणसांवर हात उचलला, आणि चारही वेळा कारण अन्न होतं. पहिल्याने अख्खा पाव वाळूच्या ढिगावर भिरकावला होता. दुसरा दुसऱ्याच्या डब्यात थुंकला होता. तिसरा त्याचा सख्खा चुलतभाऊ. त्याने आजारी आईला शिळं वाढलं आणि स्वतः ताजं जेवला, म्हणून सांडशीने भर अंगणात त्याचे पुढचे दोन दात पाडले, ते मातीतून वेचले, पुसले आणि त्याच्या हातात ठेवले. "घे. खायला लागतील," म्हणाला. चौथा त्याचा जावई.

आमच्या फाउंड्रीत सांडशी ओतारी होता, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतणारा. मी तिथेच लाकडी साचे घडवणारा सुतार. त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच राहिलं. एकदा धरलेलं तो सोडत नसे, म्हणून सांडशी. हात म्हणाल तर दगडी पाट्यासारखे. बोटांवर केस नव्हते, ते केव्हाच जळून गेले होते. डाव्या कानापासून गळ्याच्या हाडापर्यंत एक गुळगुळीत, तांबूस पट्टा होता. साच्यातली वाळू जराशी ओली राहिली की तिच्यावर पडलेलं लोखंड उसळतं, तोफेतून सुटल्यासारखं. त्या दिवशी त्याच्या शेजारचा माणूस जागच्या जागी खलास झाला आणि याच्या अंगावर हा पट्टा राहिला. कुणी त्याकडे टक लावून पाहिलं की तो म्हणायचा, "बघून घ्या, फुकट आहे."

लोखंड ओतायच्या आधी तो जेवायचा. बाकीचे ओतल्यावर जेवायचे. तो मात्र भट्टीच्या उष्णतेत, घाम गाळत, सावकाश, गरम गरम जेवायचा आणि मग हात धुवून उठायचा. "रिकाम्या पोटी हात ऐकत नाही," म्हणायचा. कुणी अर्धं टाकून उठला तर त्याच्याकडे असा बघायचा, की तो माणूस गपचूप परत बसायचा. "खाऊन माजावं, टाकून माजू नये," हे तो इतक्या वेळा म्हणायचा की आम्ही शेवटचे दोन शब्द त्याच्याबरोबर म्हणायचो.

या हट्टामागे त्याचा थोरला भाऊ होता. दोघे तरुणपणी डोंगर चढायचे. एकदा वादळात दोन दिवस अडकले. पोटात कोरडी बिस्किटं आणि बर्फाचं पाणी, एवढंच. तिसऱ्या दिवशी उतरताना भावाची बोटं आखडली. कड्याला धरलेली बोटं उघडेनात, आणि उघडली ती मिटेनात. "मी खाली होतो," सांडशी सांगायचा, "आधी त्याची टोपी गेली. मग तो गेला. त्याच्या बुटाची टाच माझ्या गालाला लागून गेली." खाली उतरून त्याने भावाला शोधलं, तेव्हा ओळखायला कपडे तेवढे होते.

आता जावई. तो आमच्याच कारखान्यात लेथवर काम करायचा. केसाच्या जाडीइतका फरक बोटाने सांगणारा, नीटनेटका, घड्याळाचा गुलाम. सांडशीची एकुलती एक मुलगी त्याला दिली, ती डोंगरावरच्या ओळखीतून. सांडशी त्याला 'जावईबापू' म्हणायचा, अहो-जाहो करायचा, आणि तो सासऱ्याला 'मामा'. जावयाच्या हट्टामागेही एक माणूस होता. लग्नाआधी तो मित्राबरोबर एका घळीतून चढत होता. सकाळचे साडेनऊ. उन्हाने वरचा बर्फ सुटला, बर्फात धरून ठेवलेले दगड सुटले, आणि त्यातला एक, कलिंगडाएवढा, मित्राच्या डोक्यावर आला. मित्र काहीतरी विनोद सांगत होता. विनोद अर्धा राहिला, आणि डोकंही.

म्हणून एकाचं म्हणणं, गरम खाऊनच चढायचं. दुसऱ्याचं म्हणणं, उजाडायच्या आत निघायचं आणि ऊन येण्याआधी घळ ओलांडायची. दोघांच्या म्हणण्यामागे एकेक प्रेत उभं होतं, आणि प्रेताशी वाद घालता येत नाही.

वर्षातून एकदा भट्टीचं आतलं अस्तर काढून नवं भरतात. ते आठ दिवस भट्टी थंड असते, आणि तेवढेच दिवस आमच्या डोंगराचे. त्या वर्षी आम्ही पाच जण होतो: आमचा म्होरक्या मुकादम, सांडशी, जावई, तळावर सामान राखणारा वायरमन, आणि मी. निघायच्या आदल्या आठवड्यात कँटीनच्या टेबलावर सामान मांडलं. जावई तराजू घेऊन आला होता.

"मामा, ही कढई अडीच किलो आहे."

"रिकामी आहे म्हणून अडीच, जावईबापू. भरली की तिच्यात पाच जीव असतात."

"बटाटे सात किलो! खजूर, बदाम आणि सुकं मांस घेतलं तर दोन किलोत भागतं."

"भागतं हो. कुत्र्याचंही हाडकावर भागतं."

"उंचावर पाणी लवकर उकळतं, पण बटाटा शिजत नाही. तास-दीड तास जातो. तेवढ्यात आपण अर्धी घळ चढलेलो असू."

"आणि उरलेल्या अर्ध्या घळीत बोटं आखडली की? खजुराला टांगून घेणार का स्वतःला?"

"बोटं आखडलेला माणूस खाली तरी आणता येतो, मामा. डोकं फुटलेला पोत्यात भरावा लागतो."

वायरमनने हळूच एक बदाम तोंडात टाकला, तर जावयाने त्याच्याकडून तो वहीत मांडून घेतला. मुकादम हसून म्हणाला, "सासऱ्याने शिजवायचं, जावयाने मोजायचं आणि आम्ही बघत बसायचं, असं आहे होय?" शेवटी ठरलं ते असं: दोन्ही घ्यायचं. चढाईच्या दिवशी पहाटे चारला स्टोव्ह पेटवायचा, सव्वापाचला खायचं आणि साडेपाचला दोरी बांधायची. पावणेनऊच्या आत घळीच्या पलीकडे. जावई आणि मुकादम पुढच्या दोरीवर, सांडशी आणि मी मागच्या.

इथे आमच्या फाउंड्रीतली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. वितळलेलं लोखंड नेतात ते भांडं दोन दांड्यांचं असतं. एक माणूस पुढे, एक मागे, आणि मध्ये मण-दीड मण धगधगीत मरण. दोघांची पावलं एकसारखी पडली नाहीत तर लोखंड सांडतं, आणि सांडलं की दोघांच्याही पायाची हाडं राहत नाहीत. म्हणून आमच्याकडे दोघे जण भांडले, की मुकादम त्यांना त्याच दिवशी एका भांड्यावर लावायचा. एकदा दोन माणसं सळया घेऊन एकमेकांच्या अंगावर गेली होती. एकाचं मनगट मोडलं असतं, पण सळई दाराच्या चौकटीत बसली. मुकादमाने तासाभरात त्यांना एका भांड्याला जुंपलं. संध्याकाळी दोघे एका बशीतून चहा पीत होते. असं आम्ही वीस वर्षं पाहत आलो होतो, आणि ही रीत चुकते असं कधी झालं नव्हतं. निदान भट्टीजवळ नव्हतं.

तळ लागला तो घळीच्या पायथ्याशी, एका सपाट खडकावर. वर कडा उभा, काळा, मध्ये बर्फाची एक मळकट रेघ. ऊन सरेपर्यंत त्या रेघेतून दगड येत होते. आधी फटाका फुटल्यासारखा आवाज, मग शिट्टी, मग खाली धुरळा. वायरमन त्यांची मोजणी करत बसला होता. एकोणिसाव्या दगडानंतर त्याने मोजणं सोडलं.

पहाटे चारला सांडशी उठला. स्टोव्हच्या रॉकेलमध्ये पाणी गेलेलं. ज्योत पेटे, फुरफुर करे, विझे. त्याने सुईने छिद्र मोकळं केलं, रॉकेल गाळलं, वाऱ्याच्या बाजूला स्वतःची गादी उभी केली. कढईत बटाटे, कांदे, मांस. वर झाकण म्हणून एक थाळी. पाच वाजले. सव्वापाच. सांडशीने एक बटाटा काट्याने टोचला आणि थाळी परत झाकली.

साडेपाचला जावई दोरी खांद्यावर टाकून समोर येऊन उभा राहिला. "मामा, निघायचं."

"दहा मिनिटं."

सहाला तो पुन्हा आला. "मामा."

"बटाटा कच्चा आहे. कच्चा बटाटा पोटात गेला तर कड्यावर मुरडा येईल. जरा धीर धरा."

"खजूर खा आणि चला."

"तुम्ही खा. तुमच्या वहीत आहे ना, मोजून खा."

आकाश करडं झालं होतं. साडेसहाला कड्याच्या अगदी माथ्यावर एक पिवळी किनार उमटली. जावयाने ती पाहिली. त्याचा चेहरा असा झाला, की त्याला तिथे ऊन दिसत नसून तो मित्र दिसत असावा. तो दोन ढांगांत आला आणि कढईला लाथ मारली.

कढई उलटली, स्टोव्ह विझला. वाफ उसळली. अर्धवट शिजलेले बटाटे गडगडत खडकावरून खाली गेले, आणि उकळतं पाणी सांडशीच्या गुडघ्यावर आलं.

सांडशी ओरडला नाही. त्याच्या हातात लोखंडी पळी होती. तो उठला, आणि उठता उठताच हात फिरला. पळी जावयाच्या डाव्या भुवईवर बसली. नारळ फोडावा तसा आवाज झाला. जावई मागे गेला, गुडघ्यावर आला, हाताला लागला तो दगड उचलून त्याने सांडशीच्या बरगडीत घातला. मग दोघे गुंतले. मी माणसांची मारामारी पाहिली आहे, पण नात्यातल्या माणसांची वेगळी असते. तिच्यात कुणी शिवी देत नाही. जावयाने सासऱ्याच्या मनगटाचा चावा घेतला. सासऱ्याने जावयाचं डोकं धरलं आणि खडकावर आपटलं, एकदा, आणि पुन्हा आपटायला उचललं. तेव्हा मी, मुकादम आणि वायरमन तिघांनी मिळून त्याची बोटं एकेक करून सोडवली. सोडवताना वायरमनच्या ओठाला कोपर लागलं, तो रक्त थुंकत म्हणाला, "अरे, मी कुणाच्या बाजूचा ते तरी विचारा!"

कुणी हसलं नाही.

"जावईबापू," सांडशी धापा टाकत म्हणाला, "पुन्हा अन्नाला पाय लावलात तर पाय राहणार नाही."

"मामा," जावई म्हणाला, आणि त्याच्या तोंडातून रक्ताचा फुगा आला, "तुमच्या अन्नाने आज कुणीतरी मरणार आहे."

मी जावयाची भुवई बांधली. कातडी फाटून हाड दिसत होतं. पट्टी जाड झाली, त्यामुळे शिरस्त्राण डोक्यात नीट बसेना. कपाळावरून मागे सरकून ते टोपीसारखं राहिलं. मी ते पाहिलं. मला बोलता आलं असतं. पण मुकादम दोघांच्या मध्ये उभा राहिला होता आणि भट्टीजवळच्या आवाजात सांगत होता, "बास. भांडलात ना? आता तुम्ही दोघे एका दोरीवर. जावई पुढे, सांडशी मागे. मी आणि सुतार तुमच्या मागून. वर जाऊन या, म्हणजे डोकी थंड होतील."

कुणालाही ते वेडेपणाचं वाटलं नाही. मलाही नाही. आम्हाला तेच ठाऊक होतं.

दोरी बांधली तेव्हा सव्वासात झाले होते.

घळीत शिरल्यावर जग अरुंद होतं. दोन्हीकडे ओले खडक, मध्ये टणक बर्फ, वर आकाशाची चिंधी. जावई चांगला चढायचा, मांजरासारखा. त्या दिवशी तो डावा हात चाचपत टाकत होता. दुसऱ्या टप्प्यावर सांडशीने त्याला वळून बघायला सांगितलं. डावा डोळा नव्हता. म्हणजे होता, पण त्याच्या जागी एक निळी गाठ होती, आणि तिच्यात एक चीर.

"जावईबापू, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही."

"दिसतं."

"मी डाव्या बाजूला किती बोटं धरली आहेत?"

"मामा, बोटं नका दाखवू. दोर द्या."

"खाली उतरू या. मी सांगतो म्हणून उतरू या. माझं चुकलं, असं वाटलं तर तसं समजा."

एवढं बोलायला सांडशीला किती जड गेलं असेल, ते त्याला ओळखणाराच जाणे. पण जावयाच्या डोक्यात अजून पहाट चालू होती. "आता उतरलो तर उन्हात उतरू," तो म्हणाला. "वर गेलो तर वीस मिनिटांत दगडांच्या वाटेतून बाहेर पडू." आणि हिशोब तसा बरोबर होता. तो चढला.

सांडशीने एक खिळा खडकात ठोकला, स्वतःला त्याला बांधलं, दोर कमरेमागून घेतला. हातमोजे त्याने काढून दातात धरले. जाड मोज्यांतून दोराचा ताण कळत नाही, असं त्याचं कायमचं म्हणणं. मी आणि मुकादम पन्नास फूट खाली, एका कपारीत होतो. जावई सांडशीच्या वर वीस फुटांवर.

पावणेनऊला ऊन घळीच्या तोंडाशी आलं. सुंदर दिसलं ते, मध ओतल्यासारखं. मग फटाका फुटला.

"दगड!" सांडशी ओरडला.

उजव्या डोळ्याचा माणूस उजवीकडे बघतो. जावयाने मान उजवीकडे फिरवली आणि डावी बाजू उघडी टाकली. पहिला दगड त्याच्या खांद्यावर आला. हाड मोडल्याचा आवाज आम्ही खाली ऐकला, सुकी फांदी मोडावी तसा. दुसरा, लहान, जबड्याला लागला. मागे सरकलेलं शिरस्त्राण उडालं, आमच्या डोक्यावरून टणटणत गेलं. मग जावई सुटला.

तो सांडशीच्या अंगावरून गेला. टाच त्याच्या खांद्याला लागली. वीस फूट वर आणि वीस फूट खाली, इतका दोर मोकळा, आणि तो सगळा सांडशीच्या उघड्या पंजांतून पळाला. मी खालून पाहिलं: त्याच्या हातांतून धूर निघत होता. खरंच धूर. त्याने दोर सोडला नाही. बोटं मिटलेली होती आणि दोर त्यांच्यातून मांस घेऊन जात होता, आणि मग तो थांबला. खिळा वाकला. सांडशी कमरेत वाकला. पण थांबला. जावई बर्फाच्या भिंतीवर आपटून लोंबकळत राहिला, मान खाली, डावा हात भलत्याच दिशेला.

दगड येतच होते. मुकादमाच्या पाठीवर एक बसला आणि त्याची पिशवी फाटली. आम्ही खडकाला चिकटून शिव्या देत होतो, कुणाला ते ठाऊक नाही. सांडशीने दोर खिळ्याला बांधला, रक्ताने घसरणाऱ्या दोराला दातांनी गाठ मारली, आणि त्या दगडांच्या पावसात जावयापर्यंत खाली उतरला. त्याने जावयाला छातीशी धरलं आणि दोघे एका पुढे झुकलेल्या खडकाखाली, हातभर रुंदीच्या कट्ट्यावर सरकले. आम्ही वर पोहोचलो तेव्हा अर्धा तास गेला होता.

जावयाचे ओठ पांढरे पडले होते. तो झोपायला निघाला होता, त्या झोपेतून माणूस उठत नाही.

"मामा, राहू द्या. झोपू द्या."

सांडशीने त्याच्या कानाखाली मारली. चामडी सोललेल्या हाताने. जावयाच्या गालावर पंजा उमटला, लाल.

"ऊठ. अरे ऊठ म्हणतो ना!"

त्याच्या तोंडून 'अरे' मी जावयासाठी पहिल्यांदा ऐकलं. सात वर्षांत पहिल्यांदा.

"दुखतंय."

"दुखू दे. दुखतंय म्हणजे आहेस. डोळा उघड. एकच आहे, तोच उघड." आणि पुन्हा मारली.

खांद्यातून हाडाचं टोक वर आलेलं होतं. मुकादमाने जावयाच्या तोंडात चामड्याचा पट्टा दिला, मी पाय धरले, आणि सांडशीने आपला गुडघा त्याच्या काखेत रोवून हात ओढला. जावई ओरडला, त्या ओरडण्याने वरून आणखी दोन दगड सुटले असं मला वाटलं. मग हात छातीला बांधला. जावयाच्या खिशात खजूर होते. दात तुटलेले, चावता येईना. सांडशीने खजूर स्वतः चावून, मऊ करून, बोटाने त्याच्या तोंडात सरकवले. एक गिळला की पुढचा. गिळला नाही की थप्पड. "गीळ. माझ्या पोरीला मी काय सांगू? गीळ, हरामखोरा, गीळ!"

ऊन घळीतून सरेपर्यंत आम्ही त्या कट्ट्यावर अडकलो. दुपारी सावली आली, दगड थांबले, आणि आम्ही त्याला पाठीवर बांधून उतरवलं. पाठ सांडशीची. मुकादमाने एकदा विचारलं, "बदली करू का?" सांडशीने मान हलवली. तो उतरत होता तेव्हा प्रत्येक कपारीवर त्याच्या पंजांचे ठसे राहत होते.

वायरमन धावत जाऊन खालच्या वस्तीतून गाडी घेऊन आला. गाडीत मुकादम माझ्याशी आणि सांडशीशी हळू बोलला. "हे बघा. दगड पडले. खांदा दगडाने, जबडा दगडाने, भुवईही दगडानेच. जावई शुद्धीवर आला तर तोही तेच म्हणेल. घर मोडण्यात काय अर्थ आहे?" मी मान डोलावली. सांडशी खिडकीतून बाहेर पाहत होता. पट्ट्यांत गुंडाळलेले त्याचे हात मांडीवर होते, दोन पांढऱ्या गाठोड्यांसारखे.

दवाखान्यात जावयाला आत नेलं. रात्री उशिरा मुलगी आली. आईविना वाढलेली, उंच, बापाचाच जबडा. मुकादमाने तिला वाटेतच गाठून सगळं सांगितलं होतं, ठरल्याप्रमाणे. ती जवळजवळ पळत आली आणि बापाच्या खांद्याला लागून रडली. "बाबा, तुम्ही होतात म्हणून हे वाचले. मुकादम म्हणतात, दोर सुटला असता तर..."

सांडशी सरळ उभा होता. मुकादम त्याच्याकडे डोळे वटारून पाहत होता.

"भुवई दगडाने फुटली नाही," सांडशी म्हणाला. "मी फोडली. पळीने. त्याने कढई उलटवली म्हणून. त्याचा डोळा सुजला, त्याला दगड दिसला नाही. शिरस्त्राण बसलं नाही ते त्याच पट्टीने."

मुलगी बाजूला झाली. तिने आधी मुकादमाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी जमिनीकडे पाहिलं, तेव्हा तिला कळलं.

"कशासाठी?"

"बटाटे सांडले."

तिने बापाच्या तोंडात मारली. तो हलला नाही. तिने पुन्हा मारली, या खेपेला मूठ वळून, आणि त्याचा ओठ दातावर फाटला. परिचारिका पुढे येऊ लागली, सांडशीने त्या पांढऱ्या गाठोड्याने तिला थांबवलं. मुलीची नजर त्या हातांवर गेली. पट्टीतून रक्त पुन्हा आलं होतं. तिने ते नीट पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि तिसरी मारली.

"बास?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. पण तिचा हात थांबला होता. ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

मुकादम खूप चिडला. "अरे गाढवा, मिटलं होतं ना सगळं!"

"तुमचं मिटलं होतं," सांडशी म्हणाला. "तुम्ही घरी जा आता. आणि मुकादम, भांडलेली माणसं डोंगरावर एका दोरीवर बांधू नका पुन्हा कधी. भट्टीपाशी समोरचा दिसतो. तिथे दिसत नाही." एवढं बोलून तो दाराबाहेरच्या बाकावर बसला.

चार दिवस तो तिथे बसला. मी डबा नेऊन द्यायचो. हात बांधलेले, म्हणून मीच भरवायचो. घास पुढे केला की तो तोंड उघडायचा, लहान पोरासारखं, आणि चावता चावता दाराकडे बघायचा. मुलगी येता-जाता त्याच्यासमोरून जायची, त्या बाकावर कुणी बसलेलंच नाही अशी. त्याने एकदाही तिला हाक मारली नाही.

पाचव्या दिवशी जावई पूर्ण शुद्धीवर आला. जबडा तारांनी बांधलेला, बोलता येत नव्हतं. त्याने खुणेने कागद मागितला. बायको पेन्सिल त्याच्या उजव्या हातात देत असताना मी दाराशीच होतो. त्याने लिहिलं: मामा कुठे?

"बाहेर," ती म्हणाली. "चार दिवस बाकावर आहेत. मी आत येऊ दिलेलं नाही. मला सगळं कळलंय."

जावयाने छताकडे पाहिलं. एकच डोळा, पण तो उघडा होता. मग पुन्हा लिहिलं, सावकाश, लेथवर खूण करावी तसं काटेकोर. तिने कागद वाचला आणि बाहेर आली. बापासमोर उभी राहिली. चार दिवसांत पहिल्यांदा.

"त्यांनी लिहिलंय," ती म्हणाली, "तिथेच बसू दे."

सांडशीने तिच्याकडे पाहिलं.

"बसतो," म्हणाला.